चेनस्टेचा रंग पुन्हा पुन्हा उडतोय? आधी चेन कुठे लागते ते शोधा

गिअरच्या सायकलची ही तक्रार ठरलेली आहे. सायकल घेऊन चार-सहा महिने होतात आणि मागच्या चाकाकडे जाणाऱ्या उजव्या नळीवर बारीक टवके दिसू लागतात. मग कोणीतरी जुनी ट्यूब गुंडाळून देतो. पावसाळ्यानंतर ट्यूब सोडावी तर खाली रंगच उरलेला नसतो, किंवा ट्यूबखालचा रंग शाबूत असतो आणि दोन इंच पुढे, क्रँकच्या (पायडलच्या दांडीच्या) मागे, नवा चरा पडलेला असतो.

ट्यूब गुंडाळण्यात काही चूक नाही, पण ते शेवटचे काम आहे. चेन फ्रेमला का लागते याची कारणे वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाची खूण फ्रेमवर वेगळ्या जागी उमटते. जागा वाचता आली की निम्मे काम झाले.

खूण कुठे आहे ते पाहा

पायडलच्या धुऱ्यापासून मागच्या आसापर्यंत जाणारी नळी म्हणजे चेनस्टे. उजव्या चेनस्टेच्या वरच्या अंगाला, साधारण मध्यावर, लहान लहान टवके असतील तर चेन उसळून आदळते आहे. तसेच टवके खालच्या अंगाला असतील तर चेनचा परतीचा, खालचा भाग उसळतो आहे.

चेनरिंगच्या (क्रँकला जोडलेल्या पुढच्या दातेरी चाकाच्या) लगेच मागे, चेनस्टेच्या बाहेरच्या बाजूला, एकाच ठिकाणी खोल आणि तिरके चरे असतील तर चेन चेनरिंग आणि नळी यांच्यामध्ये ओढली जाऊन अडकते आहे. हे नुकसान सर्वांत वाईट, कारण यात रंगाखालचा धातूही खरवडला जातो.

बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पायडलचा धुरा जिथे बसतो त्या गोल भागावर किंवा सीटच्या नळीच्या तळाशी ओरखडे म्हणजे चेन आतल्या बाजूला पडते आहे. आणि मागचा आस जिथे बसतो त्या फटीच्या आतल्या अंगाला रंग गेला असेल तर चेन सर्वांत लहान दातेरी चाकाच्याही बाहेर उतरते किंवा तिथे फ्रेमला सतत घासते.

खुणा एकमेकींत मिसळल्या असतील तर एक सोपी तपासणी करा. रंगकाम करणारे वापरतात तो पांढरट कागदी मास्किंग टेप घ्या. चेनस्टे पुसून कोरडा करा आणि वर, खाली, बाहेरून सगळीकडे टेप लावा. बॉटम ब्रॅकेटवरही एक पट्टी लावा. नेहमीच्या खराब रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर चालवा. पेव्हर ब्लॉक, गतिरोधक, खडी, जे रोज वाट्याला येते ते सगळे त्यात येऊ द्या. चेनच्या तेलाचे काळे ठसे टेपवर उमटतात. ठसे कुठून कुठपर्यंत आहेत ते मोजून लिहून ठेवा, आवरण कापताना हेच माप लागणार आहे. टेप त्याच दिवशी काढा, उन्हात राहिला तर त्याचा गोंद रंगावर बसतो.

वरचे टवके: चेन उसळून आदळते

पायडल मारत असताना चेनचा वरचा भाग पायाच्या जोराने ताठ असतो. पाय थांबले की त्याला ताण उरतो तो फक्त मागच्या डिरेलरच्या, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाच्या, स्प्रिंगचा. म्हणून चेन आदळते ती बहुधा उतारावर, पाय स्थिर ठेवून खड्ड्यांतून जाताना. सिंहगडाचा घाट उतरणाऱ्याला तो खडखडाट चांगला ओळखीचा असतो.

पहिला संशय चेनच्या लांबीवर घ्या. नवी चेन पाकिटात साधारण ११६ कड्यांची येते आणि बऱ्याचदा ती न कापता तशीच चढवली जाते. तपासण्यासाठी पुढे सर्वांत लहान चेनरिंग आणि मागे सर्वांत लहान दातेरी चाक लावा. खालची चेन लोंबत असेल, किंवा ती डिरेलरच्या वरच्या जॉकी व्हीलच्या (डिरेलरमधल्या लहान चाकाच्या) आसपास स्वतःलाच घासत असेल, तर चेन लांब आहे. योग्य माप असे काढतात: चेन पुढच्या सर्वांत मोठ्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चाकावरून न्यायची, डिरेलरमधून न ओवता. टोके जिथे ताठ जुळतील तिथून दोन कड्या, म्हणजे एक आतली आणि एक बाहेरची, मिळून एक इंच, जास्त ठेवायच्या. बाकीचे कापून टाकायचे. यापेक्षा आखूड कापू नका. मोठे-मोठे गिअर चुकून लागले तर डिरेलर मोडतो. पुढे एकच चेनरिंग आणि मागे ४२-५० दात्यांची मोठी कॅसेट (मागच्या दातेरी चाकांचा संच) असेल, किंवा मागे सस्पेन्शन असेल, तर बनवणाऱ्या कंपनीचे माप पाळा. सस्पेन्शन दबल्यावर मागचा आस बॉटम ब्रॅकेटपासून लांब जातो आणि जास्त चेन लागते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. चेन ‘सैल झाली’ म्हणून गिअरच्या सायकलची एक-दोन कड्या काढून देण्याची पद्धत दुकानांत आहे. ११४ कड्यांची चेन ०.७५ टक्के झिजली तरी एकूण जेमतेम ११ मिलिमीटर लांबते आणि तेवढे डिरेलर सहज सामावून घेतो. झिजलेल्या चेनच्या कड्यांमधले अंतर वाढलेले असते. कड्या कमी करून ते अंतर कमी होत नाही, दाते मात्र खाल्ले जातात. झिजलेली चेन बदलायची असते.

लांबी बरोबर असेल तर फ्रीहब, म्हणजे पाय थांबल्यावरही मागचे चाक फिरू देणारा खटक्यांचा भाग, पाहा. सायकल उलटी न करता मागचे चाक अधांतरी उचला. उलट्या सायकलवर झोळ उलट्या दिशेला पडतो आणि नीट कळत नाही. पायडल फिरवून चाकाला वेग द्या आणि क्रँक हाताने घट्ट धरून थांबवा. चाक फिरत असताना वरच्या चेनला झोळ पडून ती चेनस्टेवर टेकली तर फ्रीहब मोकळा फिरत नाही. तो कॅसेटला पुढे ढकलतो आणि चेन वर गोळा होते. आत वाळलेले ग्रीस किंवा पावसाळ्यात शिरलेली माती हे नेहमीचे कारण. फ्रीहब सोडवून साफ करा, त्याला हलके वंगण द्या. जाड ग्रीसने आतले खटके चिकटतात. स्वस्त सायकलींत फ्रीहबऐवजी फ्रीव्हील, म्हणजे दातेरी चाके आणि खटके यांची एकत्र जोडणी, स्क्रूसारखी चढवलेली असते. ती रॉकेलमध्ये बुडवून, फिरवून, घाण बाहेर येईपर्यंत धुतात, सुकवतात आणि मग पातळ तेल सोडतात. एवढ्याने जमले नाही तर नवी बसवा, ती महाग नसते.

मग डिरेलर. त्याचा खालचा पिंजरा, म्हणजे जॉकी व्हील धरणारा भाग, बोटाने पुढे ओढून सोडा. तो झटकन मागे यायला हवा. रेंगाळत आला तर सांध्यांत घाण आहे. सांधे धुऊन प्रत्येकावर तेलाचा एकेक थेंब सोडा. धुऊनही सुस्तच राहिला तर स्प्रिंग गेली आहे.

क्लच असलेला डिरेलर या दुखण्यावरचा सर्वांत चांगला इलाज आहे. शिमानोच्या शॅडो प्लस प्रकारात पिंजऱ्याला पुढे झुकण्यापासून रोखणारा घर्षणाचा क्लच असतो, त्यामुळे धक्क्याने चेन फारच कमी उसळते. त्याची लहानशी खुंटी चालू-बंद करता येते. चाक काढताना ती बंद करतात आणि बसवल्यावर परत चालू करायची राहून जाते. क्लच असूनही चेन खडखडत असेल तर आधी ती खुंटी पाहा. नवा डिरेलर घेताना मात्र तो तुमच्या शिफ्टरशी आणि कॅसेटच्या मोठ्या चाकाशी जुळतो का ते तपासा, नाहीतर गिअरच नीट पडणार नाहीत.

पैसे न लागणारा उपाय गिअरच्या निवडीत आहे. उतार लागण्यापूर्वी पुढे मोठे चेनरिंग आणि मागे मधले चाक घ्या. चेन नळीपासून वर राहते आणि डिरेलरचा पिंजरा ताणलेला राहतो. लहान-लहान जोडीत चेन सर्वांत सैल आणि नळीच्या सर्वांत जवळ असते.

क्रँकमागचे खोल चरे: चेन आत ओढली जाते

चेनरिंगच्या तळाशी चेनने दाते सोडून मागे जायला हवे. ती दात्यांना धरून राहिली तर चेनरिंगबरोबर वर चढते आणि चेनस्टेला जाऊन भिडते. अशा वेळी सायकलस्वार सवयीने पायडलवर आणखी जोर देतो आणि चेन करवतीसारखी नळीत शिरते. पायडल अचानक जड झाले की त्याच क्षणी पाय थांबवा आणि उलटे फिरवा. तरी सुटली नाही तर खाली उतरून हाताने खाली ओढा.

दोष बहुतेक वेळा लहान चेनरिंगमध्ये असतो, कारण चढावर सगळा जोर त्यावर पडतो. दाते आकड्यासारखे वाकलेत का, एखाद्या दात्याला बाजूला धातूची कड आली आहे का, हे बोट फिरवून पाहा. लहान कड बारीक कानशीने घासून जाते. आकड्यासारखे झालेले दाते घासून सुधारत नाहीत, रिंग बदलावीच लागते. चेनही मोजा. स्टीलच्या पट्टीने एका पिनेच्या मध्यापासून चोविसाव्या कडीनंतरच्या पिनेच्या मध्यापर्यंत नव्या चेनमध्ये ३०४.८ मिलिमीटर भरतात. आठ ते दहा गिअरच्या कॅसेटवर हे माप ३०७ झाले, किंवा अकरा-बारा गिअरच्या कॅसेटवर साधारण ३०६.३ झाले, की चेन बदला. जुन्या चेनला नवी रिंग किंवा जुन्या रिंगला नवी चेन दिली की अडकणे उलट वाढते. दोन्ही एकदम बदलणे शेवटी स्वस्त पडते.

दुसरे कारण चिखल. देशावरची काळी माती ओली झाली की चेन, रिंग आणि नळी यांच्यामध्ये लिंपल्यासारखी बसते. अशा वाटेवर पाण्याची बाटली हाताशी ठेवा, चेनरिंगवर अधूनमधून पाणी मारा, आणि चढ सुरू होण्यापूर्वीच लहान रिंगवर या. जोर लावलेला असताना गिअर बदलणे हे चेन अडकण्याला आमंत्रण. तिसरे कारण आखडलेली कडी. चेन उलटी फिरवून जॉकी व्हीलपाशी पाहिले की ती उडी मारताना दिसते. ती हाताने आडव्या दिशेने हलकेच वाकवून मोकळी होते.

या जागेला रबर लावू नका. अडकलेली चेन रबर सोबत ओढून घेते आणि गुंता वाढतो. इथे स्टेनलेस स्टीलचा पातळ, ०.३ ते ०.५ मिलिमीटरचा तुकडा नळीच्या आकाराला वाकवून, कडा घासून, दुहेरी चिकट टेपने बसवतात. चेनरिंग फिरवून त्याला लागत नाही ना ते आधी पाहा. बऱ्याच सायकलींत इथे पाच मिलिमीटरही जागा नसते.

बॉटम ब्रॅकेटवरचे ओरखडे: चेन आत पडते

मोठ्या रिंगवरून लहान रिंगवर येताना चेन आत पडते. दोष पुढच्या डिरेलरच्या ‘एल’ स्क्रूचा, म्हणजे पिंजरा किती आत जाईल ते ठरवणाऱ्या स्क्रूचा. लहान रिंग आणि मागे सर्वांत मोठे चाक लावा. पिंजऱ्याची आतली पट्टी आणि चेन यांच्यात अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच फट हवी. जास्त असेल तर ‘एल’ स्क्रू पाव-पाव फेरा आवळत जा. पिंजरा जागेवर आहे का तेही पाहा: बाहेरची पट्टी मोठ्या रिंगच्या दात्यांपासून १ ते ३ मिलिमीटर वर आणि रिंगला समांतर. पिंजरा तिरका असेल तर स्क्रू कितीही फिरवा, चेन पडायची थांबणार नाही.

एवढे करूनही पडत असेल तर चेन कॅचर लावा. पुढच्या डिरेलरच्या बोल्टवर किंवा सीटच्या नळीला कड्याने बसणारी ही लहानशी दांडी चेनला आत जाऊ देत नाही. लहान रिंगवर चेन असताना दांडी आणि चेन यांत एक मिलिमीटरच्या आसपास फट ठेवा. पुढे एकच रिंग असेल तर एक जाड-एक बारीक अशा आलटून पालटून दात्यांची रिंग घ्या. स्रॅम कंपनीने ती २०१२ मध्ये एक्सएक्स१ या गिअरसंचाबरोबर आणली आणि आता सगळीकडे मिळते. दोन-तीन रिंगच्या सायकलवर ती चालत नाही.

मागे लहान चाकाच्या बाहेर चेन उतरत असेल तर मागच्या डिरेलरचा ‘एच’ स्क्रू (तो किती बाहेर जाईल ते ठरवणारा) आवळा. वरचे जॉकी व्हील लहान चाकाच्या बाहेरच्या कडेच्या बरोबर खाली यायला हवे. सायकल उजव्या अंगावर पडली असेल तर आधी हँगर (फ्रेमवरची डिरेलर लटकवायची पट्टी) वाकला आहे का पाहा. सहा चाकांच्या फ्रीव्हीलच्या जागी सात चाकांची बसवल्यावर घासणे सुरू झाले असेल तर आसावर उजवीकडे एक वॉशर वाढवावा लागतो. चेन आणि फ्रेम यांत दोन-तीन मिलिमीटर मोकळी फट दिसायलाच हवी. वॉशर घातल्यावर चाक मध्यावर आहे का तेही पाहा.

आता आवरण

जुनी ट्यूब चांगली, फक्त ती नीट लावायला हवी. पंक्चरवाल्याकडची जुनी ट्यूब घ्या, वॉल्व्ह कापून टाका, आतली पांढरी पावडर साबणाने धुऊन काढा. २५ मिलिमीटर रुंद आणि साधारण सव्वा मीटर लांब पट्टी कापा. २० सेंटिमीटर लांब भाग अर्ध्यावर अर्धा फेरा येईल असा गुंडाळायला एवढी लागते. थोडी ताणत गुंडाळा आणि शेवट नायलॉनच्या दोन केबल टायने बांधा. टायची गाठ खालच्या अंगाला, टायर आणि क्रँक दोन्हींपासून दूर ठेवा.

गुंडाळण्यापूर्वी गिअरची केबल पाहा. अनेक सायकलींत ती चेनस्टेवरूनच मागे जाते. उघड्या तारेवरून ट्यूब गुंडाळली तर तार आवळली जाते आणि गिअर पडेनासे होतात. तार उघडी असेल तर पूर्ण फेरा न घेता वर नुसती पट्टी चिकटवा.

ट्यूबची खरी अडचण खाली साठणारे पाणी आणि वाळू. ओल्या वाळूवर रबर हलत राहिले की ते पॉलिश पेपरसारखे काम करते. वेल्क्रोच्या कापडी आवरणातही हेच होते. म्हणून ट्यूबखाली आधी पारदर्शक फिल्म लावा. स्टीलची फ्रेम असेल तर पावसाळ्यात महिन्यातून एकदा सोडून, पुसून, परत गुंडाळा. कोकणातल्या खाऱ्या हवेत यात टाळाटाळ नको.

गुंडाळण्यापेक्षा चिकटवणे जास्त टिकते. इलेक्ट्रिकचे सामान विकणाऱ्यांकडे रबर मॅस्टिक टेप मिळतो. थ्री एमचा २२२८ हा ५० मिलिमीटर रुंद आणि १.६५ मिलिमीटर जाड असतो. मास्किंग टेपवर मिळालेल्या मापात दोन्हीकडे दोन-दोन सेंटिमीटर वाढवून एकच तुकडा कापा, कोपरे गोल करा, आणि नळीच्या लांबीने लावून अंगठ्याने मध्यापासून कडांकडे दाबत जा. खाली पाणी जात नाही आणि खडखडाटही जवळजवळ बंद होतो. तारा जोडायला वापरतात तो साधा काळा टेप मात्र नको. उन्हात त्याचा गोंद पाघळतो, टेप सरकतो आणि चिकट राड्यात वाळू बसते.

पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म ओरखडे थांबवते, आदळण्याचा धक्का नाही. चेनस्टेच्या वरच्या अंगाला ती एकटी पुरत नाही. बॉटम ब्रॅकेट, सीटच्या नळीचा तळ, मागच्या फटीच्या आतला भाग, अशा कमी जागेच्या ठिकाणी ती लावा. कारच्या रंगावर लावायची फिल्म बसवणाऱ्यांकडे उरलेले तुकडे मिळतात. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, थिनर वापरू नका. अर्धा लिटर पाण्यात बेबी शाम्पूचे दोन-तीन थेंब टाकून जागेवर आणि फिल्मच्या चिकट बाजूवर फवारा, फिल्म सरकवून जागी बसवा, जुन्या प्लॅस्टिक कार्डाला मऊ कापड गुंडाळून पाणी बाहेर काढा. २४ तास सायकल भिजवू नका. मॅट रंगावर चकचकीत फिल्म डाग पडल्यासारखी दिसते, तिथे मॅटच फिल्म घ्या. आणि स्टिकरवर फिल्म लावताना स्टिकरची कड नखाने तपासा. कड लागली तर स्टिकर लॅकरच्या वर आहे, फिल्म काढताना तो सोबत निघेल.

उडालेला रंग

आवरणाआधी रंग भरून घ्या, उलट क्रमाने नाही. सुटे पोपडे काढा आणि कड ४०० नंबरच्या आणि मग ६०० च्या वॉटर पेपरने उतरती करा. स्टीलवर गंज पूर्ण जाईपर्यंत घासा आणि रेड ऑक्साइड किंवा झिंक फॉस्फेट प्रायमरचा पातळ हात द्या. ॲल्युमिनियमवर रंग थेट नीट धरत नाही, तिथे एचिंग प्रायमर (धातूला धरून बसणारा खास प्रायमर) हवा. मग जुळत्या रंगाच्या टच-अपचे किंवा नेलपॉलिशचे दोन-तीन पातळ हात, मधे अर्धा-अर्धा तास, आणि शेवटी पारदर्शक लॅकर. निदान तीन-चार दिवस पूर्ण सुकू द्या. लवकर आवरण लावले तर ते काढताना नवा रंगही घेऊन येते.

कार्बन फ्रेमला घासणे आणि रंग भरणे नंतर. आधी चरा भिंगाने पाहा. फक्त लॅकर गेले असेल तर हरकत नाही. काळे धागे तुटलेले, उसवलेले दिसत असतील तर ती सायकल चालवू नका आणि कार्बन दुरुस्त करणाऱ्याला दाखवा.

एक गिअरची सायकल

इथे डिरेलर नाही, त्यामुळे ताण चाक मागे-पुढे करूनच मिळतो. चेनच्या मध्यावर बोटाने वर-खाली केल्यास एकूण साधारण अर्धा इंच हालचाल हवी. जास्त असेल तर मागचे दोन्ही नट सैल करून चेन ॲडजस्टर सारख्या फेऱ्यांनी आवळा. क्रँक पूर्ण फिरवून सर्वांत ताठ जागी मोजा, कारण चेनव्हील थोडे लंबगोल फिरतेच. चाक फटीच्या शेवटाला टेकले आणि चेन अजून झिजलेली नसेल तर दोन कड्या काढा; चाक अर्धा इंच पुढे येते. चेनकव्हर असलेल्या सायकलीत खडखड ऐकू आली तर आधी कव्हरचा स्क्रू पाहा. तो निघाल्याने कव्हरच चेनवर टेकते आणि रंग कव्हरच्या आतल्या कडेने जातो.

चाक काढताना आणि नेताना

रेल्वेने किंवा गाडीत सायकल नेताना मागचे चाक काढले की मोकळी चेन थेट चेनस्टेवर पडते आणि प्रवासभर घासते. चाक काढण्यापूर्वी मागे सर्वांत लहान आणि पुढे सर्वांत मोठे चाक घ्या. चाक निघाल्यावर आसाच्या जागी खोटा हब बसवून चेन त्यावर ठेवा. तो नसेल तर चेनस्टेवर जाड कापड दुहेरी गुंडाळून दोरीने बांधा आणि चेन वर कापडातच बांधून घ्या. प्रवास संपल्यावर कापड झटकून टाका, त्यात चेनची काळी वाळू भरलेली असते आणि पुढच्या वेळी तीच रंगावर घासते.